नागपुरात घराभोवतीचे पक्षी: आधी पाणी, मग झाड, दाणा सगळ्यात शेवटी

सहा वर्षांपूर्वी गोंदियाहून बदली होऊन आम्ही त्रिमूर्तीनगरात राहायला आलो. पहिल्याच रविवारी मी किलोभर बाजरी आणली आणि गच्चीवर पसरली. चिमण्या येतील, बुलबुल येतील, चहा पीत बघत बसू, असा साधा बेत होता. पहिल्या दिवशी दोन पारवे आले. चौथ्या दिवशी अकरा. पंधरवड्यात कठड्यावर पारव्यांची अशी रांग लागली की जणू रेशनचं दुकान उघडायची वाट बघतायत. चिमणी एकही नाही. त्यातच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरड्या आणि मुंगवड्या वाळत घातल्या. संध्याकाळी त्या चादर घेऊन खाली आल्या आणि काही न बोलता ती माझ्यापुढे पसरली. पारव्यांनी सगळ्या वाळवणावर आपली हजेरी लावलेली. काकू अजूनही उन्हाळा लागला की विचारतात, "यंदा बाजरी नाही ना आणली?"

माझी चूक क्रमाची होती. बहुतेक सगळे दाण्यापासून सुरुवात करतात, पारवे गोळा करतात आणि कंटाळून सोडून देतात. खाली जो क्रम दिला आहे तो मी उलटा चालून शिकले. घर फ्लॅट असो की बंगला, हा क्रम नागपुरात कुठेही लागू पडतो.

सामान फार लागत नाही:

- मातीच्या दोन-तीन पसरट ताटल्या, कुंडीखाली ठेवतात तशा
- घासायला काथ्या
- वही आणि पेन्सिल
- बुटांचं एक रिकामं खोकं (कशाला, ते सातव्या पायरीत)
- दुर्बीण असलीच तर ८×४२ ची

दुर्बिणीबद्दल दोन शब्द. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार वीस पटीची गळ्यात मारायला बघतो. घेऊ नका. हाताच्या थरथरीने तिच्यात पक्ष्याऐवजी भूकंप दिसतो. आणि पहिले सहा महिने दुर्बीण नसली तरी काही अडत नाही.

१. आठ दिवस नुसतं बघा

काहीही ठेवायच्या आधी खिडकीपाशी एक जागा ठरवा आणि रोज वीस मिनिटं तिथेच बसा. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसात ही वेळ, हिवाळ्यात ऊन चढू लागल्यावर. दुपारी फक्त तांबट ओरडतो आणि माणसं झोपतात.

पक्ष्यांसोबत आणखी काही गोष्टी बघायच्या आहेत. मांजर कुठून येते, कुठे दबा धरते. विजेच्या तारा कुठे आहेत. समोरच्या इमारतीच्या कुठल्या काचेत आभाळ दिसतं, कारण पक्षी त्याच काचेवर आदळतो. घरात छताचा पंखा फिरत असताना कुठली खिडकी उघडी असते, हेही. चिमणी आत शिरली की सगळ्यात आधी पंखा बंद करायचा, मग दिवे, मग खिडक्या सताड उघडायच्या. टॉवेल घेऊन मागे धावायचं नाही.

२. पाणी ठेवा

मार्च ते जूनचा मध्य, म्हणजे नागपुरातले साडेतीन महिने, पाण्याइतकी ओढ पक्ष्यांना कशाचीच नसते. पारा ४५ च्या पुढे गेला की दाण्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. शिवाय दाणा फक्त दाणे खाणाऱ्यांना बोलावतो. पाण्यावर सगळे येतात: किडे खाणारा दयाळ, फळं खाणारा बुलबुल, कावळा, होला, कधी शिकारी शिक्रासुद्धा.

ताटली मातीचीच घ्या. स्टीलचा डबा आणि प्लास्टिकचं टोपलं बारा वाजेपर्यंत चहाइतकं तापतं. खोली बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त नको. खोल भांडं असेल तर आत एक चपटा दगड ठेवा, म्हणजे छोट्या पक्ष्याला उभं राहायला जागा होते आणि मधमाश्याही बुडत नाहीत. जागा सावलीची हवी. पळून जायला जवळ फांदी असावी, पण मांजराला लपता येईल असं झुडूप ताटलीला चिकटून नको.

दोन ताटल्या ठेवणं उत्तम. एक कठड्यावर पिण्यासाठी, एक खाली अंघोळीसाठी. साळुंक्या अंघोळीला आल्या की पाच मिनिटांत निम्मं पाणी बाहेर उडवतात आणि मग तहानलेला होला ओल्या फरशीकडे बघत बसतो. माझी वेळ ठरलेली आहे: सकाळी साडेपाचला आणि दुपारी दोनला. तिसरी ताटली कोरड्या बारीक मातीची ठेवा. चिमण्या धुळीत अंघोळ करतात, आणि सगळीकडे गट्टू बसवल्यामुळे त्यांना धूळच मिळेनाशी झाली आहे.

पाणी रोज ओतून द्यायचं आणि ताटली काथ्याने घासायची. नुसती भर घालायची नाही. शिळ्या पाण्यात शेवाळ धरतं, विष्ठा कुजते आणि एका पक्ष्याचा आजार दहांना होतो. दुसरं कारण आपल्याच जिवाचं: डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. रोज ओतलंत तर तो जन्मत नाही. साबण नको. पाण्यात ग्लुकोज, इलेक्ट्रॉल, हळद असलं काहीही घालू नका. दरवर्षी मे महिन्यात हा सल्ला मोबाइलवर फिरत येतो.

आता एक सापळा, जो मला कुणी सांगितला नव्हता. तहानलेला पक्षी तुमच्या ताटलीआधी कूलरच्या टाकीकडे जातो. टाकीची कड गुळगुळीत, पाणी खाली. तो आत उतरतो आणि त्याला वर येता येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मला आमच्या टाकीत एक होला मेलेला सापडला. तेव्हापासून टाकीवर जाळी, आणि जाळी नसलेल्या कडेला तिरकी सोडलेली लाकडी पट्टी. गच्चीवरच्या टाकीचं झाकणही तपासा.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही म्हणून ताटली हलवू नका. माझ्याकडे पाचव्या दिवशी पहिला बुलबुल आला. जागा बदलली की त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

३. ओळखायला शिका

नवखा माणूस आधी रंग बघतो, आणि तिथेच फसतो. उन्हाविरुद्ध बसलेला प्रत्येक पक्षी काळा दिसतो. आधी आकार बघा. त्यासाठी सहा ओळखीच्या पक्ष्यांची फूटपट्टी मनात ठेवा: चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा, घार. नवीन पक्षी दिसला की "बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान" असं वहीत लिहा. मग चोच, मग शेपूट, मग तो काय करतोय, आणि रंग सगळ्यात शेवटी. शेपटी सारखी वर उडवतो का? भिंतीला उभा चिकटतो का? तारेवरून झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येतो का? या सवयी रंगापेक्षा जास्त खऱ्या बोलतात.

आपल्याकडे हमखास गोंधळ होतो तो या मंडळींचा.

मैना: नागपुरात तीन वेगवेगळ्या पक्ष्यांना सरसकट मैना म्हणतात. तपकिरी अंग, पिवळे पाय, डोळ्याभोवती पिवळी कातडी, उडताना पंखात पांढरा पट्टा, ती साळुंकी. डोक्यावर काळी, मागे वळवलेली शेंडी आणि फिकट केशरी पोट, ती भांगपाडी. काळी-पांढरी, डोळ्याभोवती नारिंगी, ती कवडी मैना. एकाच मैदानात तिघी सोबत चरताना दिसल्या की तुमचा दिवस चांगला गेला समजा.

होले: मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असलेला ठिपकेवाला होला. अंगाने सगळ्यात लहान, तांबूस छातीचा, गळ्याशी बारीक ठिपके, तो तपकिरी होला. फिकट राखाडी आणि मानेवर काळी अर्धी रेघ, तो कंठवाला. तिघेही पारव्यापेक्षा सडपातळ आणि गरीब स्वभावाचे.

काळे पक्षी: शेपटीला माशासारखी खाच असेल तर कोतवाल. डोळा लालभडक असेल तर नर कोकिळ. शेपटीखाली विटकरी असेल तर चिरक. काळ्या अंगावर लांब पांढरी पट्टी आणि पांढरं पोट असेल तर दयाळ. दयाळाची मादी काळी नसते, पाटीसारखी करडी असते. कोकिळेची मादी तर ठिपक्याठिपक्यांची तपकिरी असते आणि कुहू म्हणत नाही, किक-किक-किक करत पळते. कविता सगळी नराच्या गाण्यावर आणि श्रेय मादीला, हा आपल्याकडचा जुना घोळ आहे.

मादी किंवा पिल्लू म्हणजे वेगळी जात नव्हे, हे मला एका इवल्याशा पक्ष्याने शिकवलं. फेब्रुवारीत आमच्या जास्वंदीवर झळाळत्या जांभळ्या-काळ्या रंगाचा सूर्यपक्षी यायचा. सोबतची पिवळसर मादीही ओळखीची झाली. पावसाळा संपता संपता तिसराच कुणी येऊ लागला: मादीसारखाच पिवळा, पण हनुवटीपासून पोटापर्यंत शाईची एक जाड रेघ ओढल्यासारखी. मी वहीत "नवीन, अनोळखी, बहुधा दुर्मिळ" असं लिहून ठेवलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि चार महिने चारचौघांत मिरवलं. डिसेंबरात एका सकाळी तोच पक्षी कुंडीपासून हातभर अंतरावर बसला. शाईची रेघ आता पसरली होती. खांद्यावर जांभळे ठिगळ, डोक्यावर अर्धं काळं, अर्धं मातकट, जणू कुणी रंगवता रंगवता जेवायला उठून गेलं. तेव्हा उजेड पडला. विणीचा हंगाम संपला की हा नर झळाळी उतरवून साधा होतो आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा रंग चढवतो. माझा दुर्मिळ पाहुणा म्हणजे आमचाच जुना भाडेकरू.

आवाजासाठी मर्लिन हे मोफत ॲप चांगलं आहे. ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे आणि भारतातल्या पक्ष्यांचा संच उतरवून घेतला की नेटशिवायही चालतं. पण ॲप सांगतं ते सुचवणं असतं, निकाल नव्हे. रस्त्यावरचा हॉर्न, शेजारचा मिक्सर आणि चार बुलबुल एकत्र ऐकून ते कधीकधी भलतंच नाव देतं. डोळ्यांनी पटल्याशिवाय वहीत चढवू नका. आणि ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. पिल्लं सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो.

काही आवाज मात्र ॲपशिवाय आठवड्यात पाठ होतात. भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं टुक-टुक-टुक, तो तांबट. शरीराच्या मानाने फारच मोठ्याने टोवीट-टोवीट, तो शिंपी. सगळे एकदम भांडायला लागले की सातभाई. घारीसारखी किंकाळी आली पण आभाळात घार नाही, तर झाडात राखी धनेश शोधा. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, महाराजबाग अशा जुन्या झाडांच्या भागात तो सहज दिसतो. शहराच्या मधोमध धनेश दिसणं ही चैन आहे, आणि ती वड, पिंपळ, उंबर यांच्या ढोलींवर टिकून आहे. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून भरवतो. ढोलीचं झाड पडलं तर त्या जोडीचा तो हंगाम गेला.

४. झाड लावा, निदान एक कुंडी

बाल्कनी असेल तर जास्वंद आणि कढीलिंब. जास्वंदीवर सूर्यपक्षी, कढीलिंबाच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकिळ. मोठी कुंडी असेल तर डाळिंब किंवा तुती. लिंबूच्या झाडाच्या रुंद पानांत शिंपी घरटं शिवतो, तेव्हा छाटणी करण्याआधी पानांच्या मागे बघा. दोन पानं एकत्र जोडलेली दिसली तर कात्री खाली ठेवा.

अंगण असेल तर नर्सरीवाला जे दाखवेल ते घेऊ नका. तो सरळसोट शोभेचं काहीतरी देतो, ज्यावर मुंगीसुद्धा चढत नाही. कडुनिंब, बोर, सीताफळ, पेरू मागा. जागा मोठी असेल आणि भिंत लांब असेल तरच उंबर. वाळलेली जाड फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर तोडू नका, तांबट त्यातच भोक पाडून राहतो.

फवारणी बंद करा. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. कोपऱ्यातली दोन कोळिष्टकं दिवाळीपर्यंत राहू द्या, सूर्यपक्षी घरट्याला तेच धागे नेतो. सासूबाईंना हे पटवायला मला दोन वर्षं लागली.

साखरपाणी भरून टांगायच्या लाल बाटल्या विकत मिळतात. आपल्या उन्हात ते पाणी काही तासांत आंबतं, आणि त्यात मध किंवा रंग घालणं तर आणखी वाईट. तेवढ्या पैशांत जास्वंदीची तीन रोपं येतात.

५. आता दाणा, तोही टांगून

बाजरीच्या त्या प्रकरणानंतर वर्षभर मी दाणाच ठेवला नव्हता. मग दिवाळीला आई गोंदियाहून आली ती धानाच्या लोंब्यांची जुडी घेऊन. आमच्याकडे धान निघालं की अशी जुडी दाराशी टांगायची पद्धत आहे. तिने ती बाल्कनीच्या सळईला सुतळीने बांधली आणि म्हणाली, "खाली टाकशील तर पारवाच येईन. लटकून खाईन ती चिमणी." एवढं साधं होतं. पारव्याचं वजन लोंबी पेलत नाही. तो येतो, पंख फडफडवतो, घसरतो आणि जातो. चिमणी उलटी लटकून निवांत दाणे सोलते. तिसऱ्या दिवशी चार चिमण्या, पौषापर्यंत दोन मुनियाही.

धानाच्या लोंब्या नसतील तर ज्वारीचं कणीस चालतं. तेही नसेल तर नारळाच्या करवंटीला तीन भोकं पाडून टांगा आणि आत बाजरी, राळे किंवा तांदळाची कणकी घाला. मूठभर, सकाळी एकदा. तासाभरात संपेल इतकंच. उरलेलं काढून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतो आणि उंदरामागे काय येतं ते सांगायला नको. पावसाळ्यात दाणा पूर्ण बंद. ओल्या दाण्याला बुरशी धरते आणि तिचं विष पक्ष्याचं यकृत खातं. वास येणारे जुने शेंगदाणेही त्याच कारणाने नकोत.

फळांमध्ये पिकलेली पपई, केळं, पेरू. आणि नागपूर आहे म्हणून संत्रं: आडवं कापून अर्धं खिळ्याला टोचून ठेवा, बुलबुल आतलं खाऊन वाटी स्वच्छ करून जातो. बारा वाजता फळ उचला, मुंग्या आणि गांधीलमाश्या त्याच वाटेने घरात येतात.

ब्रेड, बिस्किट, फरसाण, मीठ-तेलाचं काहीही नको. दूध नको. उरलेले तर्री-पोहे तर मुळीच नकोत. ते ज्याच्यासाठी बनले आहेत त्यालाच पचतात की नाही याची शंका आहे.

पारव्यांना मुद्दाम दाणे टाकणं माझ्या मते बंदच करावं. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो, आणि मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद कोर्टापर्यंत गेला तो याच कारणाने. सोसायटीच्या सामायिक गच्चीवर काहीही ठेवण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या. काकूंचं माझ्याकडे आजही येणं आहे, ते मी चादर स्वतः धुऊन दिली म्हणून.

दाणा सुरू केला की एक दिवस अचानक सगळे गप्प होतील आणि बाल्कनीत पिसं पडलेली दिसतील. शिक्रा येऊन गेला. वाईट वाटतं. त्यालाही पिल्लं असतात.

६. घरटं: कूलर लावण्याआधी बघा

बाकी गावांत हा मुद्दा येत नाही, पण नागपुरात कूलर खिडकीत बाराही महिने असतो आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी बंद असतो. पक्ष्यांच्या दृष्टीने ती तयार खोली. फेब्रुवारीच्या शेवटी माणूस ताट्या बदलायला येतो तेव्हा तो सगळं ओढून खाली फेकतो. त्याच्या आधी तुम्ही स्वतः वरून, मागून आणि आतून बघा. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्यांचा निष्काळजी पसारा, ओळखू येत नाही. अंडी दोन असतात, ती उबायला सुमारे दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी दोनेक. एका वर्षी आमचा बेडरूमचा कूलर मार्च संपेपर्यंत बंद होता आणि आम्ही चौघं हॉलमध्ये झोपलो. नवरा ते अजून काढतो.

घरटं हलवायचं नाही, रोज डोकावायचं नाही, फोटो काढून ठिकाणासकट टाकायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हे शिकारीतच धरलं जातं. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं हाही गुन्हा आहे, मग तो बाजारात कितीही उघड विकत मिळो.

टिटवी एरवी उघड्या जमिनीवर, पण कधीकधी गच्चीवरही अंडी घालते, चार, खड्यांच्या रंगाची. रात्री एकला ती ओरडली म्हणून अपशकुन मानू नका, तुमचं मांजर तिच्या अंड्यांपाशी गेलं आहे. भर उन्हात ती कुठूनतरी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार करते. तिच्या जवळपास एक ताटली ठेवा आणि गच्चीचं दार महिनाभर लावून घ्या.

चिमणीसाठी पेटी करायची असेल तर लाकडी किंवा प्लायची, पत्र्याची कधीही नाही. तळ साधारण १५×१५ सेंटिमीटर, भोक ३२ मिलिमीटरचं. भोक याहून मोठं झालं की साळुंकी ताबा घेते. भोकाखाली बसायला काडी लावायची नाही, चिमणीला ती लागत नाही आणि शत्रूला सोयीची पडते. आठ-दहा फुटांवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला लावलेली पेटी मे महिन्यात भट्टी होते. २० मार्चच्या चिमणी दिनाला पेट्या वाटतात त्या जरूर घ्या, पण भोक मोजून घ्या.

७. पिल्लू पडलं, पक्षी जखमी झाला

अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतोय: हे पिल्लू उडायला शिकतंय. आई-बाप जवळच आहेत. मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि लांब जा. पिसं नाहीत तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही.

उन्हाने पडलेला पक्षी मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दर वर्षी सापडतो. त्याला ते बुटांचं खोकं: भोकं पाडलेलं, आत सुती फडकं, अंधार, गार खोली. चोच उघडून पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जातं आणि तुमच्या हातातच तो मरतो. खोक्यात उथळ वाटी ठेवा, जमलं तर तो स्वतः पिईल. तासाभराने झाकण उघडून बघा, बरेचदा सरळ उडून जातो.

उडाला नाही तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६, किंवा सेमिनरी हिल्सवरचं वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर. संक्रांतीच्या आठवड्यात हे पाठच करून ठेवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, पण १५ जानेवारीला झाडांकडे बघा म्हणजे बंदीची तब्येत कळते. पंखात मांजा अडकला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, जखमेतला धागा तसाच ठेवा आणि घेऊन जा. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी काठीला आकडा बांधून आमच्या गल्लीतल्या झाडांवरचा मांजा काढते. दोन पोरं मदतीला येतात, एक पतंग मिळेल या आशेने.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. एकाच ठिकाणी तीन-चार कावळे मेलेले दिसले तर महापालिका किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा, बर्ड फ्लू असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याचं निष्पन्न झालं होतं.

८. लिहून ठेवा

तारीख, वेळ, हवा, पक्षी, संख्या, काय करत होता. एवढंच. वर्षभरात तुमच्याच वहीत नागपूरचं पंचांग तयार होतं: काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे, मार्चपासून कोकिळ, मृगाच्या सुमारास चातक आणि पावश्या, ऑक्टोबरात शेपूट थरथरवणारा थिरथिरा आणि धोबी.

मोजणीत भाग घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. कुठेही निदान पंधरा मिनिटं मोजा आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी टाका. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस वन्यजीव अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या. चितमपल्ली बरीच वर्षं आपल्या नागपुरातच राहिले, आणि आज आपण जी मराठी नावं सहज उच्चारतो त्यांतली कित्येक त्यांनी रानातल्या लोकांकडून गोळा करून लिहून ठेवलेली आहेत. त्या आठवड्यात अंबाझरी किंवा गोरेवाड्याला कुणी जाणकार फेरी नेत असेल तर जा. वर्षाचं शिक्षण एका सकाळी होतं.

नमुना म्हणून माझ्या वहीतलं एक पान:

१४ मे. सकाळी ५.४०. वारा नाही. बुलबुल २, पाणी प्याले. साळुंक्या ५, अंघोळ. ठिपकेवाला होला १, वाट बघत. तांबट, आवाज फक्त. दयाळ नर, तारेवर, गातोय. दुपारी २.१०, ताटली कोरडी, शेजारी खार बसलेली. काकूंच्या कुरड्या वाळत आहेत. पारवे: ०.